बरगीचे चार निकाल आणि बेरजेची जबाबदारी
(लेखांक आठवा)

बरगी हा मध्य प्रदेश विधानसभेचा ९६ क्रमांकाचा मतदारसंघ, जबलपूर जिल्ह्यातल्या आठांपैकी एक. नर्मदेवरच्या धरणामुळे हे नाव दूरवर पोहोचले. जबलपूरहून नागपूरकडे येणारा रस्ताही बरगीवरूनच येतो. २००३ च्या निवडणुकीपर्यंत हा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव होता. पुढे न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने २००१ च्या जनगणनेच्या आधारे मतदारसंघांची पुनर्रचना केली. ती २००८ मध्ये लागू झाली आणि बरगी खुला झाला. जिल्ह्यातली जमातींची राखीव जागा सिहोऱ्याकडे गेली.

त्यानंतरचे चार निकाल असे. २००८ मध्ये बरगीतून भारतीय जनता पक्षाच्या प्रतिभा सिंह निवडून आल्या आणि सिहोऱ्यातून त्याच पक्षाच्या नंदिनी मरावी. २०१३ मध्ये दोघीही पुन्हा आल्या. २०१८ मध्ये बरगीत काँग्रेसचे संजय यादव यांनी प्रतिभा सिंह यांचा पराभव केला. सिहोरा मात्र नंदिनी मरावी यांनी तिसऱ्यांदा राखला. २०२३ मध्ये बरगीत भाजपने प्रतिभा सिंह यांचे पुत्र नीरज सिंह यांना उमेदवारी दिली व ते विजयी झाले. सिहोऱ्यातही पुरुष उमेदवार निवडून आला. आठ आमदारांच्या जबलपूर जिल्ह्यातली महिलांची संख्या अशी दोन, दोन, एक आणि शून्य झाली.

राज्याचा आलेख याच काळात वेगळाच फिरला. २३० जणांच्या सभागृहात २०१३ मध्ये ३० महिला होत्या, २०१८ मध्ये २१ आणि २०२३ मध्ये २७. शेवटच्या निवडणुकीत राज्यातली संख्या वाढली आणि जबलपूर जिल्ह्याची पाटी कोरी राहिली.

मागील लेखांकात बरगीचा ओझरता उल्लेख आला होता. त्यावर वाचकांकडून आलेली शंका रास्त आहे. चारही निवडणुकांत सीमा त्याच होत्या, मतदानाची पद्धत तीच होती, आरक्षणही तेच होते. नियमात काहीच बदल झाला नाही, तर महिला निवडून येण्या-न येण्याशी नियमाचा संबंध काय? या शंकेच्या मुळाशी जाण्यासाठी पूर्ण लेखांक लागतो. म्हणून पक्षांच्या प्रमाणबद्ध याद्यांचा विषय एक आठवडा पुढे ढकलला आहे.

एक जागा, एक तिकीट

नियम न बदलताही संख्या अशी वरखाली होते, कारण आपल्या विधानसभांचा मूळ नियमच तिला कुठे टेकू देत नाही. एका मतदारसंघातून एकच प्रतिनिधी जातो, म्हणून पक्षालाही एकच नाव द्यावे लागते. त्या एका नावासाठी विद्यमान आमदाराचा हक्क, जातींची गणिते, खर्चाची ताकद, मागच्या वेळी थोडक्यात हुकलेल्याची समजूत, बंडखोरीची भीती हे सारे एकाच वेळी पुढे येते. पाच नावे द्यायची असती, तर त्यांतली दोन महिलांना देऊनही बाकीच्यांचे समाधान करता आले असते. एकच नाव द्यायचे असले की प्रत्येक महिला उमेदवारामागे एका पुरुषाला घरी बसवावे लागते, आणि ते बसवण्याची इच्छा त्या मतदारसंघात क्वचितच कोणाला असते.

हा निर्णय २३० ठिकाणी वेगवेगळा होतो. प्रत्येक ठिकाणी निकष एकच असतो: निवडून येण्याची क्षमता. एका मतदारसंघापुरता तो चुकीचाही म्हणता येत नाही. पण या २३० निर्णयांची बेरीज करणे हे कोणाचेच काम नाही. महिला किती झाल्या, हे निकालानंतर मोजले जाते; यादी करताना ते मोजण्याची सक्ती कोणावरही नाही. एकसदस्य मतदारसंघाच्या पद्धतीतला मोठा दोष हाच आहे. ती महिलांना मज्जाव करत नाही, पण महिला किती असाव्यात याची जबाबदारीही कोणाच्या नावावर लिहीत नाही.

त्यामुळे एखाद्या बाईने दहा वर्षे मतदारसंघ बांधला, तरी ती बांधणी महिलांच्या खात्यावर जमा होत नाही. ती एक तर पक्षाची होते, नाही तर घराची. बरगीत ती आईकडून मुलाकडे गेली. महाराष्ट्रात तासगाव-कवठेमहांकाळने हाच क्रम दाखवला. आर. आर. पाटील यांच्या निधनानंतर २०१५ च्या पोटनिवडणुकीत सुमनताई पाटील निवडून आल्या, २०१९ मध्ये पुन्हा आल्या, आणि २०२४ मध्ये त्या जागी त्यांचे पुत्र रोहित पाटील विधानसभेत गेले. या उमेदवारांच्या पात्रतेचा येथे प्रश्न नाही. जागा एकच असली की घरातून एकच जण उभा राहू शकतो, आणि पुढच्या पिढीची वेळ आली की बहुधा बाई मागे सरते, एवढेच या दोन उदाहरणांतून दिसते.

मतदार म्हणून महिलांचे वजन वाढले की प्रतिनिधित्व आपोआप वाढेल, ही अपेक्षाही या पद्धतीत फळत नाही. मध्य प्रदेशात २०२३ ची निवडणूक लाडली बहना योजनेभोवती फिरली, महाराष्ट्रात २०२४ ची लाडकी बहीण योजनेभोवती. महाराष्ट्रात तेव्हा एकूण ४,१३६ उमेदवार होते आणि त्यांत महिला ३६३. विधानसभेतल्या महिला २०१९ च्या २४ वरून २१ वर आल्या. २८८ जणांच्या सभागृहात हे प्रमाण साडेसात टक्क्यांच्याही खाली आहे. बाईचे मत मिळवण्यासाठी पक्षांनी कंबर कसली. बाईला तिकीट देण्यासाठी कसावी लागली नाही, कारण तसा नियम नाही.

नुसती तिकिटे वाढवूनही काम होत नाही. उत्तर प्रदेशात २०२२ मध्ये काँग्रेसने ४० टक्के उमेदवाऱ्या महिलांना देण्याचे जाहीर केले. पक्षाला साऱ्या राज्यात दोनच जागा मिळाल्या आणि त्यांत महिला एक. याउलट ओडिशात बिजू जनता दलाने २०१९ च्या लोकसभेसाठी २१ पैकी ७ जागांवर महिला दिल्या आणि त्यांतल्या ५ जिंकल्या. तिकीट कोणत्या जागेचे आहे, हे तिकिटांच्या संख्येइतकेच महत्त्वाचे असते. पडेल जागेवर दिलेली उमेदवारी आकडा सजवते, सभागृहात पोहोचत नाही.

नागपूरच्या सभागृहातल्या तीन जागा

बेरीज कायद्यातच लिहिण्याचा प्रयोग याच भूमीवर एकदा झाला आहे. स्वातंत्र्यापूर्वी जबलपूर आणि नागपूर एकाच विधिमंडळात होते. मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी नागपूर होती; सभागृहात महाकोशलचे हिंदी भाषक आणि नागपूर-वऱ्हाडचे मराठी भाषक शेजारी बसत. १९३५ च्या कायद्याने या विधानसभेला ११२ जागा दिल्या आणि त्यांतल्या ३ महिलांसाठी राखून ठेवल्या. मुंबई प्रांताच्या १७५ जागांत महिलांच्या ६ होत्या, मद्रासच्या २१५ जागांत ८. सगळ्या प्रांतांच्या मिळून ४१.

१९३७ च्या निवडणुकीनंतर नागपूरच्या या सभागृहात जबलपूरच्या कवयित्री सुभद्राकुमारी चौहान होत्या आणि नागपूरच्या अनसूयाबाई काळेही होत्या. अनसूयाबाईंची त्याआधी, १९२८ मध्ये, प्रांतिक कौन्सिलवर नियुक्ती झाली होती. १९३७ मध्ये त्या विधानसभेच्या उपाध्यक्ष झाल्या. पुढे आष्टी-चिमूरच्या फाशीची शिक्षा झालेल्या कैद्यांसाठी त्यांनी दिलेला लढा विदर्भ विसरलेला नाही, आणि १९५२ मध्ये त्या नागपूरच्या खासदार म्हणून लोकसभेत गेल्या. सुभद्राकुमारी १९४६ मध्ये पुन्हा विधानसभेत आल्या. १५ फेब्रुवारी १९४८ रोजी नागपूरहून जबलपूरला परतताना शिवनीजवळ मोटार अपघातात त्यांचे निधन झाले. ४३ वर्षांच्या त्या आयुष्यात तुरुंग, कविता, संसार आणि विधानसभा हे सारेच होते.

राखीव जागांचा हा नियम त्या काळच्या महिला संघटनांना मान्य नव्हता, हे विसरून चालत नाही. अखिल भारतीय महिला परिषद आणि तिच्या सहकारी संघटनांनी १९३१ मध्येच संयुक्त निवेदन देऊन राखीव जागा व नियुक्त्या नाकारल्या होत्या. त्यांची मागणी सरसकट प्रौढ मताधिकाराची होती. तो मिळाला नाही. १९३५ च्या कायद्याने बाईचा मताधिकार मालमत्तेशी, साक्षरतेशी किंवा नवऱ्याच्या पात्रतेशी जोडला. शिवाय महिलांच्या जागाही धर्मवार वाटल्या: मुंबईच्या सहांपैकी पाच सर्वसाधारण आणि एक मुस्लिम. स्वातंत्र्यलढ्यातल्या स्त्रियांना या वाटणीत फोडा-झोडाचा डाव दिसला आणि तो खरोखरच होता. सर्वसाधारण जागा लढवूनही बाई जिंकू शकते, हे विजयालक्ष्मी पंडित यांनी १९३७ मध्येच संयुक्त प्रांतात दाखवले आणि त्या मंत्रीही झाल्या.

संविधान सभेत हंसा मेहता आणि रेणुका राय यांनी हीच भूमिका मांडली: सवलत नको, समान हक्क हवा. संविधानाने प्रत्येक प्रौढ स्त्रीला मत दिले आणि महिलांच्या राखीव जागा गेल्या. ती भूमिका उमदी होती. तिच्यातला विश्वास असा, की मताधिकार सरसकट झाला की सभागृहे आपोआप भरत जातील. सरसकट मताधिकाराबरोबर आलेल्या एकसदस्य मतदारसंघाच्या नियमाने तो विश्वास खरा ठरवला नाही. ११२ मध्ये तीन म्हणजे पावणेतीन टक्के; पण तेवढी संख्या तरी कायद्याच्या जबाबदारीवर होती. १९५० नंतर तीही जबाबदारी कोणाकडे उरली नाही.

दोन मतपत्रिकांचे मतदारसंघ

एका मतदारसंघात एकच जागा हा नियम भारतात पहिल्यापासून सगळीकडे नव्हता. १९५२ मध्ये तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेत, ज्यात विदर्भही होता, २३२ जागा होत्या आणि मतदारसंघ १८४. त्यांतले ४८ मतदारसंघ दोन जागांचे होते: एक सर्वसाधारण आणि एक अनुसूचित जाती किंवा जमातीसाठी राखीव. अशा ठिकाणी मतदाराला दोन मतपत्रिका मिळत. त्या वेळी प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी असे आणि तिच्यावर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने दोन वेगळ्या पेट्यांत एकेक मतपत्रिका टाकायची. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. मोजणीत आधी राखीव गटातला सर्वाधिक मतांचा उमेदवार निवडला जाई. मग उरलेल्या सर्वांत ज्याची मते अधिक, तो दुसऱ्या जागेवर.

या पद्धतीचा शेवट एका गाजलेल्या निकालाशी जोडलेला आहे. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरम लोकसभा मतदारसंघात व्ही. व्ही. गिरी उभे होते. एक जागा जमातींसाठी राखीव, दुसरी खुली. राखीव जागा एका आदिवासी उमेदवाराला गेली. खुल्या जागेवरही दुसऱ्या आदिवासी उमेदवाराला गिरींपेक्षा अधिक मते पडली आणि तोही विजयी झाला. गिरी सर्वोच्च न्यायालयात गेले. १९५९ मध्ये न्यायालयाने निकाल कायम केला: जमातीचा उमेदवार खुल्या जागेवरही निवडून येऊ शकतो, कारण ती सर्वांची आहे. १९६१ मध्ये द्विसदस्य मतदारसंघ रद्द करणारा कायदा झाला आणि राखीव व खुले मतदारसंघ कायमचे वेगळे पडले. अवाढव्य मतदारसंघ आणि त्यात प्रचाराची दमछाक ही कारणे दिली गेली व ती खोटी नव्हती.

पण त्या कायद्याबरोबर एक शक्यताही बाद झाली. दोन जागांच्या मतदारसंघात दुसऱ्याला घरी न बसवता एका वंचित गटाला जागा देता येत होती, आणि तो गट खुल्या जागेवरही लढू शकत होता. महिलांसाठी ही चौकट वापरून पाहावी, असे १९६१ मध्ये कोणाला सुचले नाही. विधिमंडळांतल्या महिला प्रतिनिधित्वाचा प्रश्न तेव्हा संसदेच्या पटलावरच नव्हता. तो आला १९९६ मध्ये, आणि तोवर देशाला एकसदस्य मतदारसंघाखेरीज दुसरे काही आठवत नव्हते.

वेल्स आणि फ्रान्सची उत्तरे

एकसदस्य मतदारसंघ तसाच ठेवून किंवा थोडा बदलून बेरजेची जबाबदारी कोणावर तरी टाकता येते का? प्रादेशिक सभागृहांतून याची दोन उत्तम उत्तरे मिळाली आहेत.

वेल्सची विधानसभा १९९९ मध्ये नव्याने स्थापन झाली: ६० जागा, त्यांतल्या ४० एकसदस्य आणि २० प्रादेशिक याद्यांतून. मजूर पक्षाने आपल्यापुरता नियम केला. शेजारच्या दोन मतदारसंघांची जोडी करायची, दोन्हींच्या सभासदांनी एकत्र बसून दोन उमेदवार निवडायचे, एक पुरुष आणि एक महिला. जोडी लावताना दोन्ही मतदारसंघ जिंकण्याच्या दृष्टीने साधारण सारखे असावेत, अशी काळजी घेतली. सभागृह नवे होते, विद्यमान आमदार कोणीच नव्हते, त्यामुळे हे पचले. पहिल्या निवडणुकीत ६० पैकी २४ महिला आल्या. २००३ मध्ये संख्या ३० झाली आणि स्त्री-पुरुष समसमान असलेले जगातले पहिले विधिमंडळ म्हणून वेल्सची नोंद झाली. बरगीची जोडी जबलपूर जिल्ह्यातल्याच पनागरशी लावली असती, तर दोन्हीकडच्या पक्षकार्यकर्त्यांना दोन नावे ठरवावी लागली असती आणि त्यांतले एक बाईचे असते. कोणत्या मतदारसंघात कोण, एवढाच वाद उरला असता.

फ्रान्सने जबाबदारी पक्षांवरही सोडली नाही. तिथल्या जिल्हा परिषदांना दे-पार्तमाँ परिषदा म्हणतात. या परिषदांत महिला जेमतेम १४ टक्के होत्या. १७ मे २०१३ च्या कायद्याने मतदारसंघांची संख्या जवळजवळ निम्मी केली आणि प्रत्येक मतदारसंघातून एक पुरुष व एक महिला अशी जोडी निवडून देण्याचा नियम केला. दोघांची नावे एकाच मतपत्रिकेवर. मत जोडीला द्यायचे, एकट्याला देता येत नाही. मार्च २०१५ मध्ये २,०५४ मतदारसंघांतून ४,१०८ सदस्य निवडून आले, निम्म्या महिला आणि निम्मे पुरुष. मतदारांच्या मनोवृत्तीत एका निवडणुकीत एवढी क्रांती होत नसते. मतदार तेच होते, मतपत्रिका बदलली.

फिरती जागा

भारताने स्थानिक संस्थांसाठी तिसरा मार्ग निवडला: काही जागा महिलांसाठी राखून ठेवायच्या आणि त्या फिरत्या ठेवायच्या. महाराष्ट्राने १९९० मध्ये ३० टक्क्यांपासून सुरुवात केली. ७३ व्या व ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ पासून देशभर किमान एक तृतीयांश जागा राखीव झाल्या. त्यानुसार पंचायत निवडणुका सर्वांत आधी, १९९४ मध्ये, मध्य प्रदेशाने घेतल्या. पुढे मध्य प्रदेशाने २००७ मध्ये आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण ५० टक्के केले. म्हणून बरगीच्या मतदाराला आज ग्रामपंचायतीपासून जिल्हा पंचायतीपर्यंत निम्म्या जागांवर बाई दिसते आणि विधानसभेत नवांत एक. मतदार एकच आहे. वरच्या पायरीवर नियम बदलतो आणि बाई दिसेनाशी होते.

फिरत्या जागेचा नियम मात्र एका हाताने देतो आणि दुसऱ्या हाताने काढून घेतो. जबलपूर महापालिकेचे महापौरपद हे त्याचे जवळचे उदाहरण. मध्य प्रदेशात महापौर थेट मतदारांतून निवडला जातो. महिलांसाठी राखीव असताना, २०१५ मध्ये, त्या पदावर स्वाती गोडबोले निवडून आल्या. जबलपूरच्या मराठी समाजाला त्याचा विशेष आनंद झाला. पुढची निवडणूक २०२२ मध्ये झाली. तोवर चक्र फिरले होते, पद खुले झाले आणि पुरुष महापौर निवडून आला. महाराष्ट्रातल्या कोणत्याही महापालिकेत सोडतीच्या दिवशी हेच पाहायला मिळते. प्रभाग राखीव झाला की विद्यमान नगरसेवक पत्नीचा अर्ज तयार करतो. आरक्षण उठले की पाच वर्षे नाल्यांपासून दिव्यांपर्यंत सगळे शिकलेली नगरसेविका दुसरा प्रभाग शोधू लागते, नाही तर घरी बसते. प्रभाग आपला राहणार नाही हे आधीच माहीत असल्याने काम करण्याची उमेदही कमी होते.

तरीही फिरती जागा व्यर्थ जात नाही, हे सर्वांत स्पष्टपणे मुंबईने दाखवले. रिखिल भावनानी या अभ्यासकाने मुंबई महापालिकेच्या १९९७ आणि २००२ च्या निवडणुकांची तुलना केली. प्रभाग सोडतीने राखीव झाले असल्याने तुलना निर्दोष होती. १९९७ मध्ये राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले प्रभाग त्यांनी एका बाजूला ठेवले आणि दोन्ही वेळा खुले असलेले दुसऱ्या बाजूला. पूर्वी राखीव असलेल्या प्रभागांत आरक्षण उठल्यावरही महिला निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. पाच वर्षांत काही नगरसेविका पक्क्या झाल्या होत्या आणि बाई निवडून येऊ शकते हे पक्षांनाही कळले होते. पश्चिम बंगालच्या पंचायतींवरचा अभ्यास याच्या पुढचे सांगतो: जेथे सरपंचपद सलग दोन वेळा महिलांसाठी राखीव राहिले, तेथे नंतरच्या खुल्या जागांवर महिला अधिक संख्येने उभ्या राहिल्या आणि जिंकल्या. म्हणजे मुदत महत्त्वाची आहे. तामिळनाडूने स्थानिक संस्थांत आरक्षण दोन कार्यकाळ, म्हणजे दहा वर्षे, एकाच जागी ठेवण्याचा नियम केला आहे तो म्हणूनच शहाणपणाचा.

शरद जोशींचे एक मत

फिरत्या जागेवरचा सर्वांत ठाम आक्षेप महाराष्ट्रातून आला. ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेने महिला आरक्षण विधेयक १८६ विरुद्ध १ मतांनी संमत केले. ते एक मत शेतकरी संघटनेचे नेते शरद जोशी यांचे होते. त्यांना स्त्रीविरोधी ठरवणे सोपे होते, पण १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन भरवणारे, बायकांना स्थानिक निवडणुकांत उतरायला सांगणारे हेच जोशी होते. त्यांचा रोख चिठ्ठ्यांनी फिरणाऱ्या जागांवर होता. त्या विधेयकात आरक्षण दर सार्वत्रिक निवडणुकीनंतर दुसऱ्या मतदारसंघांकडे जाणार होते. मग निवडून आलेल्या बाईला पुन्हा उभे राहता येईलच याची खात्री नाही, आणि मतदारसंघ बांधण्यात कोणालाच रस उरत नाही. या आक्षेपात तथ्य होते. आरक्षण नाकारणे हा त्यावरचा उपाय मात्र नव्हता. चक्राचा वेग कमी करणे हा होता.

तो वेग २०२३ मध्ये कमी झाला. २० सप्टेंबरला लोकसभेने ४५४ विरुद्ध २ आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेने २१४ विरुद्ध ० मतांनी संमत केलेल्या १०६ व्या घटनादुरुस्तीत आरक्षण प्रत्येक पुनर्रचनेनंतर फिरेल, प्रत्येक निवडणुकीनंतर नाही. लोकसभा आणि राज्यांच्या विधानसभा यांतल्या एक तृतीयांश जागा, त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या जागांचा एक तृतीयांश वाटाही, महिलांसाठी राहील. आजच्या संख्येने हिशेब केला तर मध्य प्रदेशात २३० पैकी सुमारे ७७ आणि महाराष्ट्रात २८८ पैकी ९६. कलमाची मुदत १५ वर्षे ठेवली असून ती वाढवण्याचा अधिकार संसदेला आहे. देशात आजवर पुनर्रचना वरचेवर झालेल्या नाहीत. १९७६ नंतरची पुढची २००८ मध्ये लागू झाली. त्यामुळे एखादी जागा राखीव झाली, तर ती दोन-तीन निवडणुका तशीच राहण्याचा संभव आहे. मुंबई आणि बंगालचा अनुभव पाहता हे स्वागतार्ह आहे.

या कायद्याची दुसरी बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. लोकसभेतल्या विरोधी दोन मतांपैकी एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील यांचे होते, दुसरे असदुद्दीन ओवैसी यांचे. इतर मागासवर्गीय आणि मुस्लिम महिलांसाठी वेगळा वाटा नाही, हा त्यांचा आक्षेप; राजकारणात आधीच पाय रोवलेल्या घरांतल्या बायकाच पुढे येतील, ही त्यामागची भीती निराधार नाही. शिवाय संमत झालेल्या मजकुराने अंमलबजावणी जनगणना आणि तिच्यानंतरच्या पुनर्रचनेला बांधली. जागा फिरायलाही पुनर्रचना, आरक्षण सुरू व्हायलाही पुनर्रचना. जबाबदारी कायद्याच्या नावावर लिहिली गेली, पण तारीख लिहिली गेली नाही.

मूळ शंकेचे उत्तर आता सरळ देता येते. बरगीत २००८ ते २०२३ या काळात नियम बदलला नाही, आणि म्हणूनच निकाल व्यक्ती, घर आणि पक्षाची सोय यांच्यावर हेलकावत राहिला. प्रतिभा सिंह आणि नंदिनी मरावी यांनी पाच विजय मिळवून दाखवले. मतदार बाईला नाकारतो, हा दावा त्यांनी जबलपूर जिल्ह्यापुरता तरी कायमचा खोडून काढला. कमी पडला तो नियम. ज्या सभागृहांत महिलांची संख्या टिकली, त्या प्रत्येक ठिकाणी कोणीतरी बेरजेला बांधील होते: वेल्समध्ये पक्षाची जोडी, फ्रान्समध्ये मतपत्रिका, ग्रामपंचायतीत कायदा. विधानसभेच्या बाबतीत पक्षांनी कायद्याच्या तारखेची वाट पाहण्याचे कारण नाही. दोन शेजारी मतदारसंघांची जोडी लावून एक तिकीट बाईला देण्यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. पक्षाचा एक ठराव पुरतो. तो ठराव करा, अशी मागणी प्रत्येक मतदाराने आपल्या पक्षाकडे आजपासून करावी.

नेपाळच्या प्रांतिक सभांत थेट जागा आणि पक्षयाद्या यांची सांगड कशी घातली आहे आणि याद्यांमुळे महिलांचे प्रमाण एक तृतीयांशावर कसे गेले, हे पुढील लेखांकात.